मायच्या फोटोखाली तिचे कष्टही लिहा

आंबेडकरी दैनिकांच्या आतल्या पानांवर अभिवादनाच्या चौकटी छापून येतात. वर तथागत आणि बाबासाहेबांचे छायाचित्र, खाली कपाळाला पदर लावलेली एक वृद्ध माउली, आणि त्याखाली मजकूर : 'कालकथित मातोश्री अमुक अमुक यांच्या प्रथम स्मृतिदिनी विनम्र अभिवादन.' पुढे ती प्रेमळ होती, मायाळू होती, तिच्या जाण्याने कुटुंब पोरके झाले, असे चार शब्द. त्यानंतर शोकाकुल परिवाराची यादी सुरू होते. मुलगा, हुद्दा कंसात. सून, तिचाही हुद्दा कंसात. जावई, नातू, त्यांची पदव्यांसह नावे. शिक्षक, तलाठी, अभियंता, बँक अधिकारी, वकील. सगळ्यांचे काम लिहिलेले असते. फक्त जिच्यासाठी ही चौकट छापली, तिचे काम लिहिलेले नसते.

ती काय करत होती? बिड्या वळत होती. लोकांच्या बांधीत रोवणीला जात होती. उन्हाळ्यात पहाटे तीनला उठून जंगलात तेंदूपत्ता तोडत होती. रस्त्याच्या कामावर गिट्टी फोडत होती. हे आपण लिहीत नाही. का लिहीत नाही, हा प्रश्न मला आज चळवळीच्या वाचकांपुढे ठेवायचा आहे.

काहींना वाटेल, हा किरकोळ विषय आहे. देशात संविधानावर घाला येत असताना, आरक्षण खिळखिळे होत असताना अभिवादनाच्या जाहिरातीवर लेख कशाला? पण हा विषय किरकोळ नाही. ज्या समाजाचा इतिहास हजारो वर्षे दुसऱ्यांनी लिहिला, त्या समाजाला नोंदीची किंमत कळली पाहिजे. आमच्या पूर्वजांचे कर्तृत्व मनुवादी इतिहासकारांनी लिहिले नाही, असे आपण प्रत्येक सभेत सांगतो, आणि ते खरेच आहे. मग आपल्याच घरातल्या बाईचे कर्तृत्व आपण का लिहीत नाही? तिथे तर लेखणी आपल्याच हातात आहे.

धम्म काय सांगतो

आईचे ऋण ही आपल्याकडे केवळ भावनेची बाब नाही. मंगलसुत्तात माता-पित्याची सेवा हे उत्तम मंगल सांगितले आहे, आणि ते सुत्त आपण प्रत्येक कार्यक्रमात म्हणतो. अंगुत्तर निकायात तथागतांनी याही पुढची गोष्ट सांगितली आहे. एखाद्याने एका खांद्यावर आईला आणि दुसऱ्या खांद्यावर वडिलांना घेऊन शंभर वर्षे सेवा केली तरी त्यांचे उपकार फिटत नाहीत. पण जो त्यांना श्रद्धा, शील, त्याग आणि प्रज्ञा यांत प्रतिष्ठित करतो, तो मात्र उपकार फेडतो. याचा अर्थ मी असा घेते की, आईची खरी सेवा तिच्या अंगाला तेल लावण्यात जेवढी आहे, त्याहून अधिक तिची प्रतिष्ठा वाढविण्यात आहे. सिगालोवाद सुत्तात मुलांच्या कर्तव्यांमध्ये माता-पित्याच्या निधनानंतर त्यांच्या नावे दान देण्याचाही उल्लेख आहे. म्हणजे माणूस गेल्यावरही कर्तव्य संपत नाही.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी बावीस प्रतिज्ञा दिल्या. त्यांत श्राद्धपक्ष आणि पिंडदान नाकारले. आपण ते नाकारले, ही फार मोठी क्रांती झाली. कावळ्याची वाट पाहणारा समाज विज्ञानाकडे वळला. पण पिंडाच्या जागी आपण काय ठेवले? पुण्यानुमोदनाचा मंडप, पाचशे पानांचे जेवण, फ्लेक्स आणि वर्तमानपत्रातली चौकट. मी जेवणाच्या विरोधात नाही. दूरदूरचे पाहुणे येतात, त्यांना जेवू घातलेच पाहिजे. पण त्या दोन तासांत भन्तेजींची वंदना होते, नंतर दहा वक्ते उठतात आणि प्रत्येक जण तिच्या मुलाचे कौतुक करून खाली बसतो. गेलेल्या बाईविषयी नेमके कोणी काहीच बोलत नाही. अनुमोदन तिच्या पुण्याचे व्हायला हवे ना? मग तिने काय केले ते आधी सांगितले पाहिजे.

या बाबतीतही बाबासाहेबच आपले गुरू आहेत. त्यांची आई भीमाबाई ते लहान असतानाच गेली. आत्या मीराबाईंनी त्यांना वाढविले. पुढे 'थॉट्स ऑन पाकिस्तान' हा ग्रंथ त्यांनी रमाईंना अर्पण केला. ती अर्पणपत्रिका ज्यांनी वाचली असेल त्यांना ठाऊक आहे, तिथे नुसते 'प्रेमळ पत्नीस' असे लिहिलेले नाही. तिचे चांगुलपण, तिचे मनोधैर्य, आणि ज्या काळात कोणी मित्र नव्हता, नुसती विवंचना होती, त्या काळात तिने सोबतीने सोसलेले दुःख, याची तिथे नोंद आहे. एवढा मोठा माणूस, जगात गाजणारा ग्रंथ, आणि त्याच्या पहिल्या पानावर गोवऱ्या थापणाऱ्या बाईच्या सोसण्याची साक्ष. आदरांजली अशी असते. तिच्यात विशेषण कमी आणि पुरावा जास्त असतो.

सुपातला संसार

आमचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी भंडाऱ्यातून वेगळा झाला. धानाचा आणि तलावांचा जिल्हा म्हणून त्याची ओळख सांगतात. पण तिरोडा, गोंदिया, भंडारा, तुमसर या सगळ्या पट्ट्यात आमच्या बायकांनी जे काम पिढ्यान्पिढ्या केले ते बिडीचे. जंगलात तेंदूची पाने होती, रेल्वे होती, आणि स्वस्तात राबणारे हात होते. त्या हातांत बहुजन समाजाच्या सगळ्याच जाती होत्या, पण आमच्या मोहल्ल्यांत तर क्वचितच असे घर असेल की जिथे सूप नव्हते. ज्याला शेती नाही त्याला धानाचे दोन महिने संपले की बिडीशिवाय दुसरा आधार नसे.

माझी माय त्यातलीच एक. तिरोडा तालुक्यातल्या एका खेड्यात तिने तीस वर्षांहून जास्त काळ बिड्या वळल्या. ती गेली तेव्हा मीही अशीच एक चौकट छापायला निघाले होते, म्हणून हे लिहिण्याचा मला अधिकार आहे असे मी समजते. तिचे काम ज्यांनी पाहिले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगते. रात्री पाने भिजवून ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. सकाळी पत्र्याच्या फर्म्यावर पान ठेवून कैचीने कापायचे. मग मांडीवर सूप घ्यायचे, पानात चिमूटभर जर्दा भरायचा, वळायची, तोंड मोडायचे, धागा बांधायचा. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा. असे चाळीस कट्टे झाले की हजार बिड्या होतात, आणि मजुरी हजारावर. स्वयंपाक, पाणी, शेण सांभाळून मायच्या सातशे-आठशे व्हायच्या. हजार भरायच्या असतील तेव्हा रात्री दिव्याखाली बसावे लागे आणि आम्ही भावंडे धागा बांधायला बसत असू.

दुसऱ्या दिवशी सट्टेदाराकडे माल घेऊन जायचे. तो कट्टे उलटेपालटे करून पाहायचा आणि हाताला येतील तेवढे 'छाट' म्हणून बाजूला काढायचा. छाटीची मजुरी मिळत नसे, आणि छाटलेल्या बिड्या परतही मिळत नसत. पाने खराब निघाली, कमी पडली, तर बाईने स्वतःच्या पैशाने विकत आणून भरपाई करायची. माय शाळेत गेली नव्हती, पण हिशेबाला पक्की होती. किती पाने दिली, किती जर्दा दिला, किती कट्टे गेले, किती छाटले, हे तिला महिनाभर तोंडपाठ असे. मला पुढे कोर्टात उलटतपासणी करायला लागल्यावर अनेकदा वाटले की मोजून बोलण्याची सवय मला लागली ती तिच्याकडून.

तिच्या हाताला तंबाखूचा वास यायचा. साबणाने धुऊनही तो जात नसे. भाकरीला यायचा, आमच्या केसांना तेल लावले की केसांना यायचा. लहानपणी तो वास म्हणजेच माय असे आम्हाला वाटे. उतारवयात तिला खोकला लागला, पाठ वाकली, बोटे आखडली. तरी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जायचे म्हणजे ती दोन दिवस आधीपासून पांढरे लुगडे धुऊन तयार. गाडीतल्या गर्दीत उभ्याने जायची. वाचता येत नसताना तिथून दरवर्षी एक तरी पुस्तक विकत आणायची आणि माझ्या पुढ्यात ठेवायची, 'वाचून दाखव' म्हणायची. मी दहावी झाले त्या दिवशी तिने माझ्या पुढ्यातले सूप उचलून घेतले आणि पुन्हा कधी मला त्याला हात लावू दिला नाही. त्या दिवसापासून घरात दोन हात कमी झाले आणि तिची रात्र वाढली. माझी कायद्याची पदवी त्या रात्रींतून आलेली आहे.

आता मूळ मुद्दा. तीस वर्षांच्या या कामाचा एक कागद तिच्याजवळ नव्हता. कार्ड दुसऱ्याच्या नावावर होते. दोन-तीन घरांचे काम एकाच कार्डावर चढवायची तिथे पद्धतच होती, म्हणजे कामगार कमी दिसतात आणि भविष्य निर्वाह निधीचा भार वाचतो. मी वकील झाल्यावर तिला याबद्दल छेडले तेव्हा ती म्हणाली, "कार्ड कोनाचंही राहू दे बाई, हात तं माहेच होते ना." हे वाक्य माझ्या मनातून जात नाही. हात तिचे होते, हे तिला माहीत होते, आम्हाला माहीत होते, सट्टेदारालाही माहीत होते. फक्त कागदाला माहीत नव्हते. आणि राज्य कागदावर चालते. शेवटी तिच्या वाट्याला निवृत्तिवेतन आले नाही, आले ते निराधार योजनेचे अनुदान. जिने आयुष्यभर चार जणांना आधार दिला तिला सरकारी दप्तरात 'निराधार' हे नाव मिळाले!

कायदा होता, नोंद नव्हती

कोणी म्हणेल, त्या काळी कायदेच नव्हते. हे खरे नाही. बाबासाहेबांनी १९२८ सालीच मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकाची बाजू घेतली होती. कामकरी आईला बाळंतपणाच्या काळात विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, हा त्यांचा युक्तिवाद होता. स्वतंत्र भारतात १९६६ साली बिडी आणि सिगार कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. घरी बसून बिडी वळणाऱ्या बाईलाही त्याने कामगार मानले. कच्चा माल किती दिला, बिड्या का छाटल्या, छाटीची मजुरी का दिली नाही, या वादांसाठी कलम ३९ मध्ये तरतूद होती. मालकांनी या कायद्याला आव्हान दिले, पण १९७४ साली सर्वोच्च न्यायालयाने तो मुख्यतः वैध ठरविला. १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला, त्यातून दवाखाने, घरकुले, मुलांच्या शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. १९७७ पासून भविष्य निर्वाह निधी बिडी उद्योगाला लागू झाला. घरी काम करणारी बाई आमची कामगारच नाही, असे मालक पुन्हा म्हणाले, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने तेही फेटाळले.

म्हणजे माझ्या मायच्या अंगणापर्यंत कायदा आलेला होता. पण कायद्याला दारातून आत यायला नाव लागते. कार्डावर नाव नाही, तर कामगार नाही. निवृत्तिवेतनाला दहा वर्षांची सेवा लागते, आणि सेवा सिद्ध करायला नोंद लागते. सप्टेंबर २०१४ पासून या योजनेत किमान निवृत्तिवेतन दरमहा एक हजार रुपये ठरले. रक्कम हास्यास्पद आहे, पण खेड्यातल्या म्हाताऱ्या बाईच्या हातात तिच्या नावाचे, तिच्या कामाचे हजार रुपये येणे आणि अनुदान म्हणून पैसे येणे यात मानाचा फरक आहे.

पुढचे चित्र अधिक बिकट आहे. २०१७ साली जीएसटीच्या वेळी बिडीवरचा कल्याण उपकर रद्द झाला, म्हणजे निधीचा हक्काचा झरा आटला आणि योजना सरकारच्या मर्जीवर आल्या. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता अमलात आणल्या गेल्या आणि १९६६ चा कायदा व्यवसाय सुरक्षेच्या संहितेत विरघळला. जुन्या कायद्यातले कोणते हक्क नव्या संहितेत कसे उतरले, कोणते गळाले, हे कलमवार तपासून खेड्यापाड्यांत सांगणे हे आता आपल्या वकिलांचे काम आहे. धूम्रपान वाईट आहे, पंचशील पाळणाऱ्याला ते सांगावे लागत नाही. बिडीचा धंदा कमी होतोय, तो व्हावाच. पण धंदा संपताना ज्या बाईने त्यात छाती आणि पाठ गमावली तिचा हिशेब चुकता झाला पाहिजे, ही मागणी आपण नाही तर कोण करणार?

अमक्याची माय, तमक्याची बायको

बाईचे नाव दप्तरात नसणे ही फक्त बिडीची कथा नाही. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशभरातल्या सुमारे २८ लाख स्त्रिया मतदार यादीतून बाद झाल्या. कारण काय? त्यांनी स्वतःचे नावच सांगितले नव्हते. यादीत लिहिले गेले होते 'अमक्याची आई', 'तमक्याची पत्नी'. ज्या प्रांतांत हे अधिक घडले त्यांत तेव्हाचा मध्य भारतही होता. ज्या संविधानाने एका फटक्यात प्रत्येक स्त्रीला मत दिले, ते मत नावावाचून वाया गेले.

त्यानंतर दोनच वर्षांनी, १९५४ साली, स्वतः बाबासाहेब भंडाऱ्याच्या लोकसभा पोटनिवडणुकीला उभे राहिले. काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून त्यांचा पराभव झाला, हा डाग आपल्या जिल्ह्याच्या इतिहासात आहे. त्या निवडणुकीच्या प्रचाराच्या आठवणी आपण पुरुष कार्यकर्त्यांच्या तोंडून ऐकल्या. पण मे महिन्याच्या उन्हात मतदानाला चालत गेलेल्या बायकांच्या आठवणी कोणी लिहून ठेवल्या? त्या पिढीतली आता शोधूनही मोजकीच सापडेल. उद्या एकही राहणार नाही.

आणि शेजारच्याच खैरलांजीची सुरेखा भोतमांगे? २९ सप्टेंबर २००६ ला तिची आणि तिच्यासोबत मुलगी प्रियंका, मुलगे रोशन आणि सुधीर यांची हत्या झाली. ती जमिनीसाठी लढणारी, मुलांना शिकवणारी, साक्ष द्यायला न भिणारी आई होती. तिला आदरांजली लिहायला तिची लेकरेच उरली नाहीत. २००८ च्या निकालात शिक्षा झाल्या, पण अॅट्रॉसिटी कायदा लागू झाला नाही. म्हणजे ती ज्या कारणाने मारली गेली, ते जातीचे कारणच निकालाच्या कागदावर आले नाही. तिथेही प्रश्न नोंदीचाच. ज्या आईला लेकरे नाहीत, तिची लेकरे आपण सर्वांनी व्हायचे असते.

लिहिणाऱ्यांनी वाट दाखवली आहे

हे काम आधी कोणी केले नाही असे नाही. उर्मिला पवारांनी आपल्या आत्मकथनाला 'आयदान' हे नाव दिले, कारण आई बांबूची आयदाने विणत होती आणि आपले लिहिणे त्या विणण्याशी जोडलेले आहे असे त्यांना वाटले. आईच्या कामाची त्यांना लाज वाटली नाही, तेच त्यांनी पुस्तकाच्या कपाळावर लिहिले. शांताबाई कांबळे, बेबीताई कांबळे यांनी तर स्वतःच आपली कहाणी लिहिली. उर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी गावोगाव फिरून आंबेडकरी चळवळीतल्या स्त्रियांच्या मुलाखती घेतल्या आणि १९८९ साली 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक सिद्ध केले. त्या दोघी तेव्हा उठल्या नसत्या तर किती नावे मातीत गेली असती, याचा विचार करा.

२० जुलै १९४२ रोजी नागपुरात अखिल भारतीय दलित महिला परिषद भरली होती. अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. हजारो बायका आल्या होत्या. स्त्रियांच्या प्रगतीवरून समाजाची प्रगती मोजतो, असे बाबासाहेबांनी तिथे सांगितले. त्या हजारोंमध्ये विदर्भातल्या आपल्या किती आज्या-पणज्या असतील! त्यांची नावे आपल्या घरात तरी कोणाला ठाऊक आहेत काय?

म्हणून मला चळवळीतल्या बंधू-भगिनींपुढे काही साध्या गोष्टी ठेवायच्या आहेत.

पहिली गोष्ट, आईच्या अभिवादनाच्या चौकटीत तिचे काम लिहा. 'बिडी कामगार', 'शेतमजूर', 'सफाई कामगार', 'दाई', जे असेल ते. तिचे माहेरचे नाव लिहा, जन्मगाव लिहा, ती कोणत्या मोर्चात, कोणत्या सत्याग्रहात होती ते लिहा. त्यात कमीपणा नाही. कमीपणा वाटत असेल तर तो मनुवादाचा आपल्या डोक्यात उरलेला अंश आहे, कारण हाताने काम करणाऱ्याला हीन मानणे हीच तर त्याची शिकवण.

दुसरी गोष्ट, ज्यांच्या आया हयात आहेत त्यांनी आजच बसून त्यांचे कागद पाहावेत. कार्ड कोणाच्या नावावर आहे, निर्वाह निधीत नाव कसे लिहिले आहे, आधारवरचे नाव त्याच्याशी जुळते का, वारस म्हणून कोणाची नोंद आहे. एका अक्षराच्या फरकाने बायकांचे पैसे अडकलेले मी रोज पाहते. आई गेली असेल आणि तिचे खाते असेल, तर मृत्यूचा दाखला व वारसाच्या कागदांसह निधीसाठी फॉर्म २०, कुटुंब निवृत्तिवेतनासाठी फॉर्म १०-डी आणि विम्यासाठी फॉर्म ५-आयएफ भरा. गावातल्या विहारात महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर याच कामासाठी ठेवला तर कोणत्याही भाषणापेक्षा मोठे काम होईल.

तिसरी गोष्ट कडू आहे, पण सांगितली पाहिजे. आईच्या पुण्यानुमोदनाला बहीण माहेरी येते आणि पाहुणे पांगले की तिच्यापुढे हक्कसोडपत्राचा कागद येतो, हे आपल्याही समाजात घडते. हिंदू कोड बिलासाठी बाबासाहेबांनी १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. त्यातून आलेला उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे, आणि आईच्या मालमत्तेत मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा आहे. सकाळी आईच्या फोटोला हार आणि संध्याकाळी तिच्या लेकीच्या अंगठ्याला शाई, हे बाबासाहेबांच्या अनुयायांना शोभत नाही. बहिणीचा वाटा न मागता देणे हे आईच्या नावे केलेले सर्वांत मोठे दान आहे.

चौथी गोष्ट, पुण्यानुमोदनात दहा वक्त्यांऐवजी तिच्यासोबत काम केलेल्या दोन म्हाताऱ्या बायांना बोलू द्या. त्यांना माईक धरता येणार नाही, धरून द्या. कोणीतरी ते मोबाईलवर ध्वनिमुद्रित करा, कागदावर उतरवा आणि विहाराच्या कपाटात एक वही ठेवा. दहा वर्षांत त्या गावाचा इतिहास तयार होईल, आणि तो कोणत्याही विद्यापीठाच्या उपकाराविना तयार होईल.

महाराष्ट्र शासनाने १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या बालकांच्या शासकीय कागदपत्रांत वडिलांच्या नावाआधी आईचे नाव लिहिणे बंधनकारक केले. चांगला निर्णय आहे. येणाऱ्या पिढीच्या दाखल्यावर आई असेल. पण ज्या आया गेल्या, ज्यांच्या नावे ना कार्ड, ना सातबारा, ना निवृत्तिवेतन, त्यांच्यासाठी कोणताही शासन निर्णय निघणार नाही. त्यांची नोंद आपल्यालाच करावी लागेल.

माझ्या मायच्या चौकटीत आम्ही भावंडांनी आमचे हुद्दे गाळले आणि तिच्या नावाखाली एकच ओळ टाकली : 'बिडी कामगार, तीस वर्षे.' छपाईच्या टेबलावरच्या माणसाने विचारले, "मॅडम, हे ठेवायचं का?" मी म्हटले, ठेवा. तेवढेच तिचे कार्ड आहे. आपल्यापैकी प्रत्येकाने आपापल्या मायचे असे कार्ड लिहावे, एवढीच विनंती.

जय भीम!